भरल्या ओटीनं रडली हो!

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाजवळ या, नाहीतर सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. त्या हिरव्या वृंदावनवाल्यांकडे मध्यंतरी डोहाळजेवण झालं ना, आणि तुम्ही नेमक्या गावाला! काय सांगू, झोपाळा फुलांनी मढवलेला, सून हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, फोटोवाला ओरडतोय स्माईल, स्माईल. आणि ती पोरगी रडायलाच लागली. ओटीतला नारळ ओटीत, आणि हुंदक्यावर हुंदके!

म्हणजे झालं असं, की पेढा-बर्फीच्या वाट्या पुढे आल्या, झाकलेल्या. हिनं उघडली ती बर्फीची निघाली. आता थोरल्या जाऊबाईंना दोन्ही मुलीच, हे तुम्हाला ठाऊकच. सासूबाईंचा चेहरा असा काही पडला... लगेच सावरला म्हणा, "बर्फी तर बर्फी, लक्ष्मी येईल," म्हणाल्या. पण मागून आत्येसासूबाई बोलल्याच, "पुन्हा एकदा उघडू दे गं, हात चुकला असेल." हात चुकला असेल! जाऊबाई तिथेच कोयरी घेऊन उभ्या, त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तिकडे सोनोग्राफीवाल्यांच्या भिंतीवर ही मोठ्ठी पाटी, १९९४चा कायदा, इथे गर्भलिंगनिदान होत नाही. आणि घरात आपण वाट्या झाकून बसतो, गंमत म्हणून. पोटुशी पोरगी तेव्हा काय ऐकत असेल, ते तीच जाणे.

तर काय सांगत होते... हां, रडणं. मग सुरू झाल्या की एकेक. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे आत्ता रडलीस तर बाळ रडकं होईल. कोपऱ्यावरच्या मावशींचा स्वभाव तुम्हाला माहितीये, "आम्ही नववा लागला तरी विहिरीचं पाणी शेंदत होतो, आम्हाला नाही झालं कसलं डिप्रेशन." मी मनात म्हटलं, झालं नाही, की कुणी विचारलं नाही? त्यांच्याच सूनबाईंचं... जाऊ दे, ते नंतर.

खरी बातमी मला जाऊबाईंनी सांगितली, ताटं आवरताना. तुमच्यापाशीच ठेवा हं. अहो, हिला आधी एकदा दिवस राहिले होते. तिसऱ्यात गेलं. चोरचोळीसुद्धा झाली होती तेव्हा, तो हिरवा खण अजून कपाटात तसाच घडी घातलेला. घरात त्याचा उच्चार म्हणून नाही. यावेळी मग दर सोनोग्राफीच्या आदल्या रात्री हिचा डोळ्याला डोळा लागत नाही. ठोके ऐकले की दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आज हललं का, कमी हललं का.

त्यात आई नाही तिला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणायला सोपं, पण माहेरी वडील आणि भाऊ, दोघंही डब्यावर जेवणारे. नवरा पुण्याला, शनिवारी उगवतो. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर चाललेला. आणि हिचं ऑफिस! रजा २६ आठवड्यांची आहे हो कायद्यानं, २०१७पासून, पण साहेब हसत हसत विचारतात, "परत येणार ना नक्की?" रजेला दोन महिने असतानाच हिचं काम दुसऱ्या मुलीला शिकवायला लावलं. टेन्शन येईल नाही तर काय.

आणि कहर ऐका. लग्नाआधीपासून तिला मनाच्या गोळ्या चालू होत्या. दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी हिनं स्वतःच्याच मनानं बंद केल्या, बाळाला काही होईल म्हणून. डॉक्टरांना विचारायचं ना! तर नाही, विचारलं म्हणजे सासूबाईंना कळणार. वरून मोबाईलवर गर्भसंस्कारांचे व्हिडिओ येतातच, आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल. असं दटावून कुणी आनंदी राहतं का हो? ती रडायची, आणि मग आपण रडलो म्हणून पुन्हा रडायची.

नवरा मात्र शहाणा निघाला. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघितलं, कारण त्यांच्या गडबडीनंही माणूस गळून जातं, जीव उदास होतो. मग हातात एक कागद दिला, दहा प्रश्नांचा. एडिंबरावाला, तिकडे स्कॉटलंडात १९८७ साली बाळंतिणींसाठी काढलेला, आता पोटुशींनाही देतात. पहिलाच प्रश्न काय, तर गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू येतंय का! आणि शेवटचा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं का. त्या प्रश्नावर हिचं पेन थांबलं म्हणे. नवरा शेजारीच बसलेला. जाऊबाई सांगत होत्या, घरी आल्यावर तासभर तो कुणाशी बोलला नाही.

बाई रागावल्या नाहीत हं. म्हणाल्या, आपल्यासारख्या देशांत शंभरात पंधरा-सोळा जणींना गरोदरपणी असा त्रास होतो, तू एकटी नाहीस. गोळ्या अशा एकदम तोडल्या तर आजार उलटतो, गरोदरपणात चालतील अशाही असतात, ते ठरवायला आम्ही आहोत. आणि रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६ला फोन कर, टेली-मानसचा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. बरोबर आलेल्या सासूबाईंना आत बोलावून काय सांगितलं, ते मात्र जाऊबाईंनाही कळलेलं नाही. कळलं की सांगतेच.

पण काहीतरी जोरदार असणार. कारण सासूबाई बाहेर आल्या त्या गप्पगार, आणि त्या रात्रीपासून सुनेच्या खोलीत झोपायला. आत्येसासूबाईंची रवानगी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं, दोन डबे बर्फी बांधून देऊन! नवरा आता आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. आणि काल भिशीत, ऐका हं, सासूबाई सगळ्यांना समजावत होत्या, "अहो, पोटुशीचं मन सांभाळावं लागतं, मी तर पहिल्यापासून म्हणते." पहिल्यापासून! जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि चहा नाकात गेला की हो माझ्या.