धुराला सूट

कॅनडाच्या कार्बन कराचं तत्त्व सरळ होतं: जो जास्त धूर सोडील, तो जास्त भरील. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी त्यात किरकोळ दुरुस्ती केली. घर तापवायच्या तेलावरचा कर तीन वर्षं स्थगित! नैसर्गिक वायूवर मात्र चालूच. तेलापेक्षा तो कमी कार्बन सोडतो, हाच त्याचा गुन्हा असावा.

तेलावर तापणारी घरं अटलांटिक प्रांतांत जास्त आणि ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाचे तिथलेच खासदार धास्तावलेले, हा निव्वळ योगायोग. वायूवर घरं तापवणाऱ्या प्रेअरी प्रांतांनी ‘आम्ही काय घोडं मारलंय?’ विचारताच मंत्री गुडी हचिंग्ज यांनी टीव्हीवर सुचवलं, की तिथूनही जास्त लिबरल निवडून द्या. इतका प्रामाणिकपणा मंत्र्यांना सहसा परवडत नाही.

सोबत कमी उत्पन्नाच्या घरांना फुकट हीट पंपाचं आमिषही होतं. हा पंप तेल न जाळता बाहेरच्या गार हवेतलीही ऊब आत ओढतो. म्हणजे तेल सोडा म्हणून आर्जव करायचं आणि तेच तेल स्वस्तही करून द्यायचं!

पुढे ट्रुडो यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नी यांनी ग्राहकांवरचा हा करच शून्यावर आणला. अंमल १ एप्रिल २०२५ पासून. तारीख सरकारनेच निवडली होती.