काही केलं नाही, आपोआप बंद पडला

बेळगावच्या शहापुरात लॅपटॉप दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर तासभर बसा. एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडेल, की दुकानदाराने ते पाटीवरच रंगवून घ्यावं : 'काही केलं नाही वो, आपोआप बंद पडला.' बोलणारे काका सज्जन असतात. कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी, पिशवीत नऊ-दहा वर्षांचा लॅपटॉप. आणि लॅपटॉपसोबत, तंबाखूच्या रिकाम्या डबीत, सहा स्क्रू.

काही केलं नाही, तर हे सहा जण बाहेर कसे आले, असं दुकानातला पोरगा विचारत नाही. तो धंद्यात नवा नाही. तो मुकाट्याने लॅपटॉप पालथा घालतो. उरलेल्या स्क्रूंच्या डोक्यावरची फुली घासून गोल झालेली. रबरी पाय उपटून उलटे चिकटवलेले. कडेच्या फटीत सुरीचे वार. सुरी कांद्याची की आंब्याची, एवढाच तपास बाकी.

'कधी उघडलासा, काका?'

'मी? छे! मेव्हण्याच्या पोरानं जरा बघितला होता.'

बेळगावातल्या प्रत्येक मेलेल्या लॅपटॉपमागे एक मेव्हण्याचा पोरगा असतो. तो कधीच दुकानात येत नाही.

स्वतःचं स्वतः निस्तरायची खोड शहापूरला जुनीच. इंग्रजी अमलात बेळगाव साहेबाचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं. कॅम्पातल्या साहेबाला विचारायला कोण जातंय? तेव्हा काकांच्या हातात सुरी आली ती काही आज आलेली नाही. प्रश्न सुरीचा नाही. प्रश्न डबी पिशवीत आणि गोष्ट पोटात ठेवण्याचा आहे. कारण जुन्या लॅपटॉपचा मूळ आजार बहुतेकदा दोनशे-चारशे रुपयांचा असतो. हजारांत जातं ते त्याच्यावर झालेल्या उपचारांचं बिल.

मूळ आजार कसा असतो, ते एकदा जवळून बघा. शहापूर, वडगाव, खासबाग हा मागांचा पट्टा. घरात पुढच्या सोप्यात माग, मागच्या खोलीत पोराचा अभ्यास. मागावर सुताची बारीक लव उडते आणि दिसेल त्या फटीत शिरते. लॅपटॉपच्या पोटात एक पंखा असतो. तो हवा आत ओढतो आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांमधून बाहेर फेकतो. पंखा खोलून बाजूला केला, की पंखा आणि त्या पात्यांच्या मध्ये एक करडी पट्टी बसलेली दिसते. धूळ म्हणावी तर विस्कटत नाही. चिमट्यात धरून ओढली की अखंड निघते, जाड नमद्याच्या तुकड्यासारखी. पंखा बिचारा जिवाच्या आकांताने फिरत असतो, पण हवा जायला वाटच नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही ताप उतरला नाही तर जीव वाचवायला मशीन स्वतःला बंद करतं.

म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागलं. घरातल्यांनी ऐकलं ते एवढंच, की 'बंद पडतोय'. झाले उपचार सुरू.

पहिला मान रॅमचा. रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर घासायचं, परत बसवायची. हा उपाय अगदीच खोटा नाही. पावसाळ्यात इथली दमट हवा दातांवर बसते, तेव्हा खोडरबराने खरंच जीव येतो. म्हणून तर तो इतका लोकप्रिय. पण आपला लॅपटॉप तापून बंद पडत होता. त्याचे दात घासून काय होणार? शिवाय खोडरबराचा भुगा फुंकर मारून सॉकेटमध्येच पाठवला, की आधी पंधरा मिनिटं तरी चालणारं मशीन आता स्क्रीनच दाखवत नाही. कधी कधी तर भुगाही नसतो. रॅम काढून घातल्यावर काही मशीनं पहिल्यांदा सुरू होताना बराच वेळ काळ्या पडद्यावरच रॅमची ओळख करून घेत बसतात. काकांना तेवढा दम कुठला? दहा सेकंदांत बटण दाबून बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

मग पाळी बटणासारख्या गोल सेलची. कुठल्यातरी व्हिडिओत 'सेल काढून ठेवा, सगळं रिसेट होतं' असं सांगितलेलं असतं. खरंच होतं. अडचण तीच आहे. तारीख जाते, तिचं काही नाही. पण कित्येक मशीनमध्ये डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ही सेटिंगही कंपनीच्या मूळ जागी जाते. विंडोज बसवताना ती वेगळी असेल, तर आता सुरू होताना निळा पडदा. डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, दोघांचं फक्त बोलणं बंद. बायोसमध्ये जाऊन ती एक सेटिंग पूर्ववत केली तर पाच मिनिटांचं काम. काही लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असते. अशा छेडछाडीनंतर तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती किल्ली ज्या खात्यात जपून ठेवलेली असते, त्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवलेला असतो.

इथे मेव्हण्याचा पोरगा आपलं ब्रह्मास्त्र काढतो : 'फॉरमॅट मारूया की.'

मारतो. मुलीच्या बारशापासूनचे फोटो जातात, सोसायटीचा हिशेब जातो, आणि कोरंकरकरीत विंडोज त्याच तापलेल्या प्रोसेसरवर बसून पंधराव्या मिनिटाला पुन्हा बंद पडतं. करडी पट्टी जागच्या जागी. तिला अजून कुणी हात लावलेला नाही.

तिच्यापर्यंत पोचतात ते शेवटी, आणि तेही पेस्ट लावायला म्हणून. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली सूक्ष्म पोकळी भरायला ही पेस्ट असते. तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. काका पुरणपोळीवर तूप वाढावं तशी वाढतात. एका महाभागाने दातांची पेस्ट लावली होती. तिच्यातलं पाणी उडालं की उरतो तो सुका चुना. वर झाकण लावताना डबीतले स्क्रू अंदाजाने बसतात. लॅपटॉपचे स्क्रू दिसायला भावंडं, लांबीला नाहीत. तीन मिलिमीटरच्या जागी आठचा पिळला, की तो प्लॅस्टिक ओलांडून बोर्डात घुसतो. बोर्डाच्या पोटात तांब्याच्या वाटांचे थर असतात, त्यातला एखादा तुटतो. आता हे काम चिपलेव्हलचं झालं. म्हणजे बिलात एक शून्य वाढलं.

तर दुकानात येईपर्यंत लॅपटॉपला चार आजार झालेले असतात आणि त्यातले तीन घरचे असतात. काका तोंडाने सांगतात तो फक्त चौथा. पोराला आधी दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागते, तीही अंधारात. एरवी त्याची पद्धत साधी आहे. चार्जर आणि बॅटरी काढायची, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून उरलासुरला करंट घालवायचा, एकाच रॅमवर सुरू करून बघायचं. पडदा काळा असेल तर त्यावर तिरका टॉर्च मारायचा. अंधूक अक्षरं दिसली तर मशीन जिवंत आहे, गेला आहे तो मागचा उजेड. दिसलीच नाहीत तर बाहेरचा मॉनिटर जोडायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरी नेमकं उलटं झालेलं असतं : एका रविवारी पाच गोष्टी बदललेल्या आणि त्यातली कुठली नडली याचा पत्ता नाही.

आता कुणी म्हणेल, मग काय, हात बांधून बसायचं? बेळगावात असं बोलणं शोभणार नाही. १८८८ मध्ये ह्याच गावात किर्लोस्करांनी सायकलचं दुकान टाकलं. त्यातून नांगर आला, कडबा कापायचं यंत्र आलं, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रामदेव गल्लीपासून चार पावलांवर त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटतं, आपणही स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की लक्ष्मणराव किर्लोस्कर. फक्त लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची ड्रॉइंगं शिकवत होते, हे रस्त्याच्या पाटीवर लिहिलेलं नाही. त्यांना यंत्र खोलायच्या आधी ते कागदावर मांडता येत होतं. आपण आधी खोलतो, मग व्हिडिओ शोधतो, आणि तो व्हिडिओ पुढच्या मॉडेलचा निघतो.

गंमत म्हणजे हेच काका मागाच्या बाबतीत एकदम सोवळ्यातले. पॉवरलूमचं सेटिंग बिघडलं, तर जॉबर येईपर्यंत कुणाला पान्याला हात लावू देत नाहीत. आणि जॉबर आला की त्याला सगळं सांगतात : धोटा कधी अडकला, सूत कुठल्या बाजूने तुटतंय, काल पोराने कुठला नट आवळला. जॉबरपुढे काही लपवलं तर दिवसाची मजुरी बुडते, हे ठाऊक आहे. लॅपटॉपवाल्या पोरापुढे मात्र अब्रूचा प्रश्न! तो वयाने लहान, आपल्याच गल्लीतला, पुन्हा आपल्या मुलाच्या वर्गात होता. त्याला कसं सांगायचं, की टूथपेस्ट लावली म्हणून?

कंपन्यांनाही मोकळं सोडायला नको. काकांची सुरी चालते त्याला निम्म्या त्याच जबाबदार आहेत. पूर्वी लॅपटॉपच्या पाठीला एक छोटं झाकण असायचं. दोन स्क्रू काढले की रॅम समोर. बॅटरी तर खटका ओढला की हातात. आता सगळं पातळ हवं म्हणून बॅटरी पोटात, रॅम बोर्डालाच डाख देऊन पक्की, आणि झाकण आतल्या हुकांवर. बाहेरून बघणाऱ्याला उघडायची वाटच दिसत नाही, तेव्हा तो फट शोधतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. फ्रान्स त्याच्या पुढे गेला. तिथे १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो किती दुरुस्त होण्यासारखा आहे याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. खोलायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, कितीला मिळतात, माहितीपत्रक आहे का, सगळं त्यात मोजलं जातं. आपल्याकडे असे गुण द्यायचे झाले तर दोन रकाने लागतील : एक लॅपटॉपचा, एक मालकाचा.

थट्टा एका ठिकाणी थांबवतो. टचपॅड दाबला जात नाही, किंवा कीबोर्ड मधोमध वर आलाय, अशी तक्रार असेल तर ती टचपॅडची नसते. खालची बॅटरी फुगलेली असते. तिला सुरी, टाचणी, चमचा काहीही लावायचं नाही. आतल्या थरांचा एकमेकांना स्पर्श झाला की ती पेट घेते आणि फुंकर मारून विझत नाही. चार्जर काढा, मशीन बंद करा, आहे तसं दुकानात न्या. एका काकूंनी झाकण बसावं म्हणून रात्रभर वर पाटा ठेवला होता. घर शाबूत आहे ते काकूंच्या पुण्याईने.

बाकी दुकानातल्या पोराने अलीकडे एक युक्ती काढली आहे. पावतीवर एक ओळ वाढवली : 'आधी उघडला होता का? काय केलं?' आणि तोंडाने सांगतो, खरं लिहिलं तर चेकिंग चार्ज माफ. शहापूर बाजारपेठेचं गाव. जे अब्रूला जमलं नाही ते सवलतीला जमलं. लोक आता रकाना भरून मागच्या बाजूलाही लिहितात. एकाने तर मेव्हण्याच्या पोराचा मोबाईल नंबरही दिला.

आपल्या काकांचा लॅपटॉप मात्र बरेच दिवस दुकानात पडून होता. त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या गावात प्रलंबित गोष्टींची माणसाला सवय असते. अखेर बोर्डाचं काम झालं, लांब स्क्रू निघाला, पेस्ट दाण्याएवढी बसली, करडी पट्टी चिमट्यात आली. पोराने ती काकांपुढे कागदावर ठेवली. काकांनी ती बोटाने उलटसुलट करून पाहिली आणि 'हे आमच्या मागाचंच की रे,' असं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं म्हटलं.

लॅपटॉप सुरू झाला. तासभर चालला, तापला नाही. मग पडद्यावर सूचना आली : विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. पोरगा समजावू लागला, की ११ साठी मशीनमध्ये सुरक्षेची एक चिप नव्या आवृत्तीची लागते, ती ह्यात नाही, प्रोसेसरही यादीत बसत नाही, तेव्हा लिनक्स टाकून देतो, कायदेशीर आणि फुकट.

काकांनी पिशवीची घडी उलगडली, लॅपटॉप आत सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, 'राहू दे. ते कसं बसवायचं, त्याचा व्हिडिओ बघून ठेवलाय मी.'