क्युअर गोराई

दर रविवारी पहाटे पाचला माझा गजर होतो आणि पाच वाजून एक मिनिटाने बायकोच्या तोंडून माझा उद्धार. गोराई दोनमधलं आमचं घर बैठं, भिंती पातळ. गजर तीन घरांत ऐकू जातो. शेजारच्या काकूंची समजूत अशी की खाडीपलीकडच्या पॅगोड्याची हवा मला लागलीय आणि मी पहाटे विपश्यना करतो. त्या माझ्याकडे हल्ली आदराने बघतात, म्हणून मी काही बोलत नाही.

खरं कारण असं की आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा जपानात साडेआठ वाजलेले असतात आणि तिथल्या टीव्हीवर ‘प्रिक्युअर’ लागतं. मला ते त्या वेळी दिसत नाही, ही त्यातली आणखी अवघड गोष्ट. मी ते मागाहून, सबटायटल्स वाचत पाहतो. तरी उठतो. पंढरीला जाता आलं नाही म्हणून कोणी आषाढीचा उपास सोडतं का?

‘प्रिक्युअर’ म्हणजे शाळकरी मुली, ज्या वेळ आली की झगमगीत पोशाखात प्रकट होऊन राक्षसांना बदडतात. १ फेब्रुवारी २००४ ला पहिला भाग लागला आणि तेव्हापासून साधारण दर फेब्रुवारीत जुन्या मुली जाऊन नव्या येतात. मुलींनाही दणादण मारामारी करावीशी वाटते, ही निर्माते ताकाशी वाशिओ यांची मूळ कल्पना. दिग्दर्शनाला त्यांनी ‘ड्रॅगन बॉल’वाले दाइसुके निशिओ आणले. त्यामुळे पहिल्या मालिकेतल्या नागिसा आणि होनोका कांडी फिरवत बसत नाहीत, लाथ घालतात. २०१८ च्या सिनेमात तर एकदम ५५ प्रिक्युअर आल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. मला त्या पंचावन्नही ओळखता येतात. माझ्या चुलत भावंडांची नावं मात्र लग्नपत्रिका बघून आठवावी लागतात.

मूळ लेखिका म्हणून तोदो इझुमी असं नाव दर भागात येतं. या बाईंना मी एकदा चार पानी पत्र लिहिलं, शेवटी ‘आपल्या कुटुंबीयांस नमस्कार’ असंही. पोस्टात टाकल्यावर कळलं की अशी बाईच नाही. ते तोएई ॲनिमेशन स्टुडिओचं सामूहिक टोपणनाव आहे. म्हणजे मी एका कंपनीच्या कुटुंबाला नमस्कार सांगितला होता.

हे वेड मुलीपायी लागलं. ती पाच वर्षांची असताना तिला लावून द्यायचो आणि शेजारी बसायचो. नवव्या वर्षी ती म्हणाली, “बाबा, हे बाळांचं आहे,” आणि उठून गेली. आता ती सीए करतेय. मी तिथेच बसून आहे. अशा प्रेक्षकांना जपानीत ‘ओओकिना ओतोमोदाची’ म्हणतात, मोठे दोस्त. शब्द प्रेमळ आहे, म्हणणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. २००७ पासून प्रिक्युअरच्या सिनेमांत मुलांना ‘मिरॅकल लाइट’ नावाची इवलीशी बॅटरी वाटतात. पडद्यावर प्रिक्युअर संकटात सापडल्या की पोरांनी ती हलवायची. मोठ्या दोस्तांना ती मिळत नाही. त्यांनी अंधारात नुसतं गलबलून जायचं.

तर ऑफिसातला एक सहकारी टोकियोला भावाकडे गेला. येताना त्याने सहा वर्षांच्या पुतणीची जुनी मिरॅकल लाइट आणली आणि जुन्या खेळण्यांच्या दुकानातलं एक कार्ड कम्यून. हे फोनसारखं दिसणारं यंत्र, पहिल्या मालिकेतलं, ज्याने रूपांतर होतं. वाजत नव्हतं. पण हातात आल्यावर मला राहवेना. एकदा तरी, मोकळ्या आकाशाखाली, नीट करून बघायचं.

घरात अशक्य. मी पुढच्याच रविवारी पहिली बोट पकडली. दोन स्कूटर, दुधाचे कॅन आणि मी. पिशवीत आदल्या रात्री बायकोने आणायला लावलेल्या लिंबं-मिरच्या तशाच राहिलेल्या. पलीकडे झोपलेल्या रिक्षावाल्याला उठवून गोराईचा किनारा गाठला. मिट्ट काळोख. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीच्या आडोशाला मी उभा राहिलो. एका हातात यंत्र, दुसऱ्यात गुलाबी बॅटरी. यंत्र मुकं, म्हणून किणकिणाट तोंडानेच काढला. मग छाती भरून ओरडलो, “ड्युअल ऑरोरा वेव्ह!”

“कोन रं तिकडं?”

जाळी खांद्यावर टाकलेला एक माणूस आणि मागून एक मावशी. मावशी पहिल्या मिसाला निघालेल्या, जाता जाता बोंबील बघायला आलेल्या. पांढरी साडी, मनगट माझ्या दुप्पट. त्यांनी आधी छातीवर क्रूस काढला, मग माझी पिशवी उघडली. सात लिंबं. हिरव्या मिरच्या.

“आज अवस आहे,” तो माणूस म्हणाला.

गळ्याशपथ सांगतो, मी कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

“जादूटोण्याचा कायदा आलाय, म्हाइत हाय ना?”

“हो, २०१३ चा,” मी म्हणालो. तीस वर्षं कारकुनी केली की तोंडातून आधी साल निघतं. यामुळे संशय वाढला.

“कोनावर करतोस?”

“कोणावर नाही हो. माझं मलाच. रूपांतर.”

“कशात?”

खरं उत्तर ‘आठवीतल्या जपानी मुलीत’ असं होतं. माझं वय एक्कावन्न, समोर दोन साक्षीदार आणि अमावास्या. मी गप्प बसलो आणि घाबरून बॅटरीचं बटण दाबलं. मावशींनी झपकन माझं मनगट पकडलं.

इथे एक तांत्रिक मुद्दा सांगायला हवा. पहिल्या मालिकेत एकट्याने रूपांतर होतच नाही. नागिसाला ब्लॅक आणि होनोकाला व्हाइट व्हायचं तर एकमेकींचा हात धरावाच लागतो, भांडण झालेलं असलं तरी. मी किनाऱ्यावर एकटा गेलो होतो, म्हणजे बेत मुळातच फसलेला होता. आणि आता नियमाप्रमाणे सगळं जुळलं होतं. हातात हात, दुसऱ्या हातात यंत्र, गुलाबी उजेड. अर्धा क्षण मी खरोखर वाट पाहिली.

जाळीवाल्याने लिंबं एकेक करून समुद्रात फेकली. मिरच्या मावशींनी ठेवून घेतल्या, चांगल्या होत्या म्हणाल्या. मग “मिसाला उशीर होतो तुझ्यापायी” म्हणत त्यांनी मला हात धरून रस्त्यापर्यंत आणलं, रिक्षात घातलं आणि रिक्षावाल्याला बजावलं, “बोटीत बसेपर्यंत बघ याला.”

घरी बायको पोहे परतत होती. “लिंबं?” तिने विचारलं. मला खोटं रचता येत नाही, म्हणून सगळं सांगितलं. ती आधी कपाळ धरून बसली, मग इतकी हसली की पलीकडच्या काकूंनी भिंत ठोकली. मुलगी कोपऱ्यात ऑडिटचं पुस्तक घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. पान उलटलं, पेन्सिलीने काहीतरी अधोरेखित केलं आणि म्हणाली,

“पण बाबा, मग ब्लॅक कोण होतं? तू की मावशी?”