काळी खिडकी आणि लपलेले शेपूट
पहिला पायथन प्रोग्राम एका ओळीचा असतो. तो चालवायला मात्र अख्खी दुपार जाते. वाशीम किंवा रिसोडचा नवशिका नोटपॅडमध्ये ओळ लिहितो, फाइल डेस्कटॉपवर ठेवतो आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पायथन' लिहून पुढे फाइलचे नाव देतो. उत्तर येते : अशी फाइल नाही. फाइल तर समोर दिसते! पण खिडकी वेगळ्याच फोल्डरात उभी असते. कारंज्याच्या पाहुण्याला मालेगावच्या स्टँडवर शोधावे तसे. 'सीडी' ही आज्ञा देऊन तिला डेस्कटॉपवर आणले तरी पुष्कळदा नन्नाच, कारण फाइलच्या नावातल्या 'पीवाय'मागे 'टीएक्सटी'चे शेपूट चिकटलेले असते आणि विंडोज ते सौजन्याने लपवते. मदतीला आलेला जाणकार तोवर "माझ्याकडे चालतंय" एवढेच सांगतो. 'डीआयआर' टाइप केले की शेपूट दिसते.