एनव्हिडियाच्या ड्रायव्हरास अनावृत पत्र

रा. रा. ड्रायव्हरसाहेब यांसी, सा. न. वि. वि.

लिनक्सच्या कर्नलचं साधं अपडेट आलं की आपण अंतर्धान पावता, हा आपला लौकिक सर्वदूर पोचला आहे. लॉगिनच्या जागी काळा पडदा येतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनल गाठावं, 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवावं, तर आपल्याच घरचं ते साधन सांगतं, ड्रायव्हरशी संपर्क होत नाही! कारण काय, तर कर्नलचे हेडर नव्हते, म्हणून डीकेएमएसला नव्या कर्नलसाठी आपलं मॉड्यूल बांधता आलं नाही. बांधलं, तर सिक्युअर बूट सही मागतं. वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेवरच्या लुकलुकाटाचं तर २०२४ पर्यंत विचारूच नये अशी गत होती.

आपले वकील म्हणतात, कर्नलची अंतर्गत रचनाच सारखी बदलते, त्याला ड्रायव्हर काय करणार? बदलते, हे खरं. पण एएमडीचा 'एएमडीजीपीयू' ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलच्या आतच आहे. रचना बदलणाराच त्याचीही दुरुस्ती करून ठेवतो. आपण बाहेर राहता, म्हणून दर वेळी मागून धावता. दुसरा बचाव असा की डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मूठभर. असतील; पण एआयची कार्डं ज्या डेटा सेंटरमध्ये खपतात, तिथे लिनक्सच चालतं. म्हणजे अडचण जमण्याची नाही, गरज वाटण्याची आहे. तिसरा बचाव, मे २०२२ मध्ये कोड खुला केला. केला, पण फक्त कर्नल मॉड्यूलचा, तोही २०१८ च्या ट्युरिंग पिढीच्या कार्डांपासून पुढचा. ओपनजीएल, व्हल्कनचा भाग बंदच. २०१६ चं जीटीएक्स १०६० घेणाऱ्याच्या हाती काय आलं?

खरा संताप पुढेच आहे. आपल्याविना काम चालावं म्हणून काही जणांनी ग्राफिक्स कार्डांचा उलटा अभ्यास करून 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर घडवला. तर २०१४ च्या जीटीएक्स ९७०, ९८० पासून फर्मवेअरला कंपनीची सही सक्तीची झाली आणि क्लॉक वाढवायला लागणारं सही केलेलं फर्मवेअर ट्युरिंगआधीच्या कार्डांसाठी नूवोला मिळालंच नाही. पूर्ण पैसे मोजून घेतलेलं असं कार्ड नूवोवर बूटच्या वेळच्या वेगाने रांगतं. स्वतः नीट सांभाळायचं नाही आणि सांभाळणाऱ्याच्या हाती किल्ली द्यायची नाही, याला व्यवसाय नव्हे, आडमुठेपणा म्हणतात!

तरी राग आपल्यावर नाही, साहेब. २०१२ साली फिनलंडमध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने भर सभेत मधलं बोट दाखवलं, तेही कंपनीला. कर्नलच्या दाराबाहेर आपण हौसेने थोडेच उभे आहात? मालकांना एवढंच सांगा: ट्युरिंगआधीच्या कार्डांसाठी ते फर्मवेअर सही करून द्या. बाकीचं नूवोवाले बघून घेतील, आणि आपल्यालाही एकदाची निवृत्ती मिळेल.

आपला,
एक पूर्ण पैसे भरलेला ग्राहक