उलटं पेडल

सायकलचं पेडल उलटं फिरवलं की फ्रीव्हील किर्रर्र वाजतं, सायकल जागची हलत नाही आणि फिरवणाऱ्याला मात्र काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आमचे काका बोलायला लागले की मला तो आवाज ऐकू येतो.

पुण्यात सायकलवाल्यांचा कुठलाही ग्रुप घ्या, त्यात एक काका निघतातच. पन्नाशी कधीच मागे पडलेली, सायकल लोखंडी, मागे कॅरियर, आणि उजव्या घोट्याला पँटची क्लिप. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही राजाराम पुलापाशी जमतो तेव्हा बाकीचे सगळे अंगाला चिकटलेल्या, बुडाशी गादी शिवलेल्या रंगीत कपड्यांत असतात. काका इस्त्रीच्या पँटमध्ये. "या कपड्यांत सायकल उत्तम चालत असेल रे," ते म्हणतात, "पण वाटेत कुणाच्या मयताला थांबावं लागलं तर?"

काकांना नुसतं जुन्या काळात रमलेला माणूस समजाल तर फसाल. उदाहरणार्थ हेल्मेट. आख्खं शहर ज्या वस्तूविरुद्ध एकदिलाने उभं राहिलं, ती काका सायकलला हवा भरतानासुद्धा उतरवत नाहीत. पुण्यात राहून हेल्मेटच्या बाजूने बोलायला जे धैर्य लागतं ते त्यांच्याकडे आहे. फक्त मला दाट शंका आहे की ते इंदूरला किंवा नागपूरला जन्मले असते तर बोडक्या डोक्याने फिरले असते.

बुटाला पेडलशी जखडणाऱ्या क्लीट्स हा त्यांचा दुसरा आवडता विषय, आणि त्यात दुर्दैवाने मी येतो. पहिल्याच आठवड्यात दांडेकर पुलाच्या सिग्नलला पाय वेळेत सुटला नाही आणि मी तोडलेल्या झाडासारखा सावकाश डावीकडे आडवा झालो. एका रिक्षावाल्याने "लागलं का?" असं विचारलं. काकांनी विचारलं, "केवढ्याला पडले?" पडलो मी होतो. ते बुटांबद्दल विचारत होते. "चालत्या सायकलवरून सगळेच पडतात," ते पुढे म्हणाले, "थांबलेल्या सायकलवरून पडायला मात्र पैसे खर्च करावे लागतात."

गिअरबद्दल त्यांचा आदर्श थेट फ्रान्समधला. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना साखळी या चक्रावरून त्या चक्रावर उडवणारे गिअर म्हणजे लबाडी वाटायची, आणि टूरमध्ये ते यायला १९३७ साल उजाडावं लागलं. तोवर शर्यतवाले घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवत. दुसऱ्या बाजूला निराळ्या दातांचं चक्र असे. काका हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जरा कातर होतो. देग्रांज यांच्या मते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी होते. ग्रुपमधल्या एका मुलीने हे कुठूनसं शोधून काढलं आणि म्हणाली, "मग काका, तुम्हाला परवानगी आहे की!" त्यानंतर दोन रविवार देग्रांज यांचं नाव निघालं नाही.

बरं, सगळंच त्यांचं चुकीचं असतं तर प्रश्न नव्हता. खरा त्रास हा की पुष्कळदा ते बरोबर असतात. आमच्यातल्या एकाने नवी कार्बनची सायकल घेतली, आधीच्यापेक्षा बरोब्बर एक किलोने हलकी. सिंहगडावर भज्यांच्या कागदावर काकांनी गणित मांडलं. तू आणि सायकल मिळून ८५ किलो. खड्या चढाला लागणारा वेळ साधारण वजनाच्या प्रमाणात. गोळेवाडीपासून वर यायला तुला एक तास. एक किलो गेला म्हणजे वाचली चाळीसेक सेकंदं. "आणि आता दह्याची दोन मडकी कुणी रिकामी केली?" मुलाने गणित दोनदा तपासलं. बरोबर होतं. कागद तेलकट होता, एवढाच काय तो दोष.

ट्रेनिंगचंही तेच. हृदयाचे ठोके मोजत, 'झोन टू' सांभाळत जाणाऱ्यांना ते सांगतात की गप्पा मारता येतील इतपत वेग म्हणजेच तुमचा झोन टू, दूधवाले जन्मभर त्यातच होते. हेही ढोबळमानाने खरं आहे. पण काकांच्या शेजारून सायकल चालवताना गप्पा त्यांच्या होतात आणि ठोके आपले वाढतात.

बीआरएमबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांबद्दल, तर त्यांनी आर्थिक सिद्धान्तच मांडला आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. लवकर येणाऱ्याला पहिला नंबर नाही की बक्षीस नाही, आणि ५ तास ५३ मिनिटांच्या आत पोचलात तर शेवटचं तपासणी-नाकंच उघडलेलं नसतं. "प्रवेश फी साडेतेरा तासांची भरलीय," काका म्हणतात, "मी आठ तासांत परत येऊन उरलेले साडेपाच तास आयोजकांना का सोडू?" ते तेरा तास पंचवीस मिनिटांनी येतात. वाटेत जेवण, वामकुक्षी, एका नातेवाइकाची चौकशी, सगळं उरकून.

पण त्यांच्या आयुष्यातला मोठा घाव टायरचा. आम्ही २३ मिलिमीटरच्या टायरात १२० पौंड हवा ठासून दात खडखडवत फिरायचो तेव्हा काका ३२चे टायर लावून, हवा कमी ठेवून, पुण्याच्या खड्ड्यांवरून झुलत जायचे. म्हणायचे, टणक चाक प्रत्येक खड्ड्याला उडतं, ती ताकद तुमच्याच पायांतून जाते. आम्ही हसायचो. मग हळूहळू युरोपातले व्यावसायिक २५वर आले, २८वर आले, आणि शेवटी आम्हीही सगळे वळलो. एका रविवारी राजाराम पुलावर सोळा सायकली, सोळाही जाड टायरांच्या. कुणीतरी प्रांजळपणे म्हणालं, "काका, तुमचंच खरं होतं."

त्यांचा चेहरा पाहवेना. भाड्याच्या घरात वीस वर्षं राहिलेल्या माणसाला मालकाने अचानक घर नावावर करून द्यावं, तसं काहीसं झालं. भांडायलाच कुणी उरलं नाही. त्यांनी माझं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पुटपुटले, "फार मऊ ठेवता तुम्ही."

पुढच्या रविवारी काकांच्या सायकलला २३चे टायर होते, दगडासारखे कडक.

"काका, खडखडत नाही?"

"खडखडतं ना. पण रस्ता कळतो."

किरकटवाडी फाट्याजवळ त्यांना रस्ता फारच कळला. फट्ट आवाज झाला, आम्ही सगळे थांबलो. कुणी ट्यूब काढली, कुणी पंप पुढे केला.

"थांबा," काका हात वर करून म्हणाले. "पंक्चर झाल्या झाल्या चाकाला हात लावू नये. आधी चहा घ्यावा."

सोळाच्या सोळा जण टपरीकडे वळले. काका मात्र एवढी एकवाक्यता पाहून अस्वस्थ झाले आणि त्यांनी कॉफी सांगितली.