ग्रॅव्हिटीकाका

मुलाकडे इंग्लंडला सहा महिने राहून आलेले काका तुमच्याही ओळखीत असणारच. कोणी तिथून चॉकलेटं आणतो, कोणी तिथल्या हवेच्या तक्रारी आणतो. आमच्या सोसायटीतल्या काकांनी हायड्रोमीटर आणला.

वीतभर काचेची नळी, बुडाला वजन, मानेवर ग्रॅव्हिटीचे, म्हणजे द्रवाच्या घनतेचे, बारीक आकडे. साध्या पाण्यात ती १.००० वर थांबते. पाण्यात साखर असली की वर उचलली जाते. हा नाद मुलाकडून लागला. तो घरी ‘एल’ जातीची बिअर करतो. हॉप्स घातलेला माल्टचा दाट काढा डब्यात मिळतो. तो गरम पाण्यात कालवायचा, वर किलोभर साखर, पाणी ओतून २३ लिटर करायचं, यीस्ट भुरभुरायचं आणि वाट बघायची. तिकडे १९६३ पासून घरापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. इकडे १९४९ चा दारूबंदी कायदा. घरी करणं सोडाच, प्यायलाही परमिट. त्यामुळे काका पुण्यात बिअर करत नाहीत. ते फक्त मोजतात. जे पातळ दिसेल ते मोजतात.

दूधवाल्याला वाटलं लॅक्टोमीटर आहे, तो दोन दिवस फिरकलाच नाही. रसवंतीत काकांनी “बर्फ नको, तापमान बिघडतं,” असं बजावून उंच पेला भरून घेतला, नळी सोडली आणि भर दुकानात आरोळी ठोकली, “१.०७५! आंबवला तर जवळपास दहा टक्के दारू!” शेजारच्या बाईंनी मुलाच्या हातातला पेला काढून घेतला. रसवाला हात जोडून म्हणाला, “काका, आत्ता गाळलाय हो!”

कोरेगाव पार्कातल्या पबात वेटरनं कौतुकानं सांगितलं, “सर, ही बिअर साडेचार टक्के.” काका म्हणाले, “ते उत्तर झालं. गणित सांग. सुरुवातीची ग्रॅव्हिटी किती?” वेटर मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजर आला, तो बिल घेऊनच.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांनी एकदा लिफ्टमध्ये सहज विचारलं, “साखरेऐवजी गूळ चालेल का?” लिफ्ट तीनदा वरखाली झाली. सार एवढंच, की किलोभर साखर घाला नाहीतर किलोभर सुकं माल्ट, सुरुवातीचा आकडा जवळपास तोच येतो. पण साखर यीस्ट शेवटच्या कणापर्यंत फस्त करतं, म्हणून बिअर कोरडी आणि पाणचट लागते. माल्टमधलं थोडं त्याला पचत नाही. ते मागे राहतं आणि बिअरला अंग देतं. गुळात चव आहे, पण प्रत्येक ढेपेचा ओलावा वेगळा, मग आकडा कसा धरायचा? हे शेवटचं वाक्य काका कोल्हापूरकरांवर खटला भरल्याच्या सुरात म्हणाले.

कळस झाला पुतणीच्या लग्नात. भटारखान्यात बुंदीच्या लाडवांचा पाक उकळत होता. काकांनी आचाऱ्याला विचारलं, “एकतारी म्हणजे नक्की किती? आकडा सांगा.” आचाऱ्यानं थेंबभर पाक उलथन्यावरून घेतला, अंगठा आणि तर्जनीत दाबून बोटं हळूच फाकवली. मध्ये एक तार लांबली. “हा आकडा,” तो म्हणाला. काकांनी तरीही पातेलीत पाक काढून नळी सोडली. नळी बुडेचना, पाकावर आडवी पसरली. “नळी २० अंशांना लावलीय,” काका म्हणाले, “तुम्ही तापमानच धरलेलं नाही.”

या माणसाला टाळायचं कसं, हा सोसायटीपुढचा प्रश्न होता. मग एका रविवारी वर्गणी मागायला गेलो, तर काका टॅबलेटपुढे कागद-पेन्सिल घेऊन बसलेले. पडद्यावर मुलगा, त्याच्यामागे झाकणबंद बादली. “सुरुवात १.०३९, शेवट १.०१०. वजाबाकी गुणिले १३१. बाबा, ३.८ टक्के.”

“बाटलीत फेसासाठी साखर घालशील, ती धरलीस?”

“राहिली.”

“आणि तापमान?”

काकू हळूच म्हणाल्या, “आधी दोघांचा फोन ‘जेवलास का’ आणि ‘हो’ यात संपायचा. आता पाऊण तास चालतो.” त्या बिअरचा थेंबही काकांच्या वाट्याला येणार नाही. तिकडे असतानाही ते अर्ध्या ग्लासापुढे गेले नव्हते म्हणे. चव कशी होती, विचारलं तर म्हणाले, “१.०१० ला जशी लागते तशी.”

तेव्हा काकांना कार्याला अवश्य बोलवा. ते सांगतील तो आकडा मुकाट्यानं ऐकून घ्या, बरोबर असतो. फक्त पाकाची कढई उतरेपर्यंत त्यांना भटारखान्याकडे फिरकू देऊ नका.